हिरोची पावलं

दारावरचा लाल दिवा त्या दिवशी उडाला होता, एवढंच निमित्त झालं.

तो दिवा पेटलेला असला की आत ध्वनिमुद्रण चालू आहे, दाराला हात लावायचा नाही, हा स्टुडिओतला पहिला नियम. दिवा विझलेला दिसला म्हणून नटाने दार ढकललं. खरं तर त्याला शेजारच्या खोलीत जायचं होतं. शूटिंगच्या वेळी वारा, गर्दी, गाड्या यांनी आवाज खराब होतो. मग सिनेमा तयार होत आला की नटाला बंद खोलीत उभं राहून, पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत, आपलीच वाक्यं पुन्हा बोलावी लागतात. त्या कामासाठी तो आला होता आणि चुकीच्या खोलीत शिरला.

आत अंधार. समोर पडद्यावर त्याचाच चेहरा, भिंतीएवढा. पडद्यावरची नायिका रुसून ओल्या रस्त्यावरून तरातरा निघाली होती. आणि पडद्याखाली, लाकडी चौकटीत पसरलेल्या ओल्या खडीवर, एक उंच दाढीवाला माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पायात बायकांच्या उंच टाचांच्या सँडल घालून... तिच्यासारखाच तरातरा चालत होता. अगदी तिच्याच तोऱ्यात.

नट बघतच राहिला. एक पाऊल पुढे आला आणि त्याचे नवेकोरे बूट कुईऽऽ करून बोलले.

"झालं!" दाढीवाला थांबला. "अकरावा टेक होता हा. इतकी छान रुसली होती ती!"

"माफ करा... दिवा लागलेला नव्हता—"

"दिवा सकाळीच गेलाय. पण दार होतं ना? माणसं दारावर टकटक करतात."

"टकटक केली असती तरी आवाज आलाच असता."

दाढीवाल्याने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग गालात हसला. "हुशार आहात. पडद्यावर वाटत नाही."

काचेपलीकडे यंत्रांमागे बसलेल्या बाई, ज्यांना सगळा स्टुडिओ मावशी म्हणत असे, माईकवरून खेकसल्या, "अरे खुडबुड्या, पाहुण्याला बसव नाहीतर घालव! माझा चहा गार होतोय."

खुडबुड्या! नाव अगदी शोभत होतं. हा माणूस दिवसभर खुडबूडच करत असे. पडद्यावर कुणी कप ठेवला की इथे हा कप ठेवी. कुणी पदर सावरला की हा माईकजवळ कापड सळसळवी. त्या खोलीत भिंत नसलेली तीन दारं होती, वाळूचा चौकोन होता, फरशीचा होता, फळीचा होता, आणि एका कपाटात फक्त चपला-बूट.

"म्हणजे... तिची पावलं तुम्ही टाकता?" नटाने विचारलं.

"तुमचीही मीच टाकतो. चार सिनेमे झाले."

"माझी?"

"मग काय तुम्ही? शूटिंगला माईक तुमच्या तोंडाशी असतो. पायांकडे कोण बघतं?" त्याने कपाटातून काळे जाड बूट काढले, टाचा झिजलेले. "हे तुमचे. म्हणजे माझे. डावा पाय तुम्ही अंमळ उशिरा उचलता. लहानपणी पडला होतात?"

नटाने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. लाखो लोक त्याला बघत होते. त्याच्या केसांवर, डोळ्यांवर, दंडांवर पानंच्या पानं लिहिली जात होती. डाव्या पायाचं मात्र आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

"झाडावरून," तो म्हणाला. "सातवीत असताना."

"वाटलंच," खुडबुड्या म्हणाला, आणि पुन्हा सँडलचे पट्टे बांधायला वाकला. "आता जा. आणि ते बूट काढून जा, नाहीतर जाताना पुन्हा ओरडतील."

भलामोठा हिरो, बूट हातात घेऊन, मोज्यांवर चोरपावलांनी बाहेर पडला.

पुढचे सहा दिवस नटाचं काम शेजारच्या खोलीत होतं. पण दुपारची सुट्टी झाली की त्याचे पाय वळत ते या खोलीकडे. खुडबुड्या त्याला शिकवी. चुरगळलेला कागद माईकजवळ हळूहळू सोडला की शेकोटी पेटते. जुनी छत्री फटाफट उघडली-मिटली की पाखरांचा थवा उडतो. आणि तिरक्या पत्र्यावर मुठीतून तांदूळ सोडला की पाऊस पडतो.

"हळू सोड. हा ढगफुटीचा नाही, हा... कुणीतरी खिडकीत वाट बघतंय, तसला पाऊस आहे." तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"तसला म्हणजे कसला?"

खुडबुड्याने त्याची मूठ आपल्या हातात घेतली. बोटं जराशी सैल केली. दाणे एकेक करून पडू लागले... टप... टपटप... टप. कोरड्या ठणठणीत खोलीत पाऊस सुरू झाला. मूठ रिकामी झाली तरी हात तसेच राहिले.

"संपला की पाऊस," खुडबुड्या हळूच म्हणाला.

"हो का? मला ऐकू येतोय अजून."

काचेपलीकडून मावशी खोकल्या. मोठ्याने, मुद्दाम.

पाचव्या दिवशी एक गंमत झाली. पडद्यावर नायक-नायिकेचं चुंबन होतं. खुडबुड्या माईकजवळ गेला, बाही मागे सारली, डोळे मिटले आणि स्वतःच्या मनगटाचा मुका घेतला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा रेंगाळून.

नट पोट धरून हसला. "म्हणजे माझी चुंबनंही तूच घेतोस?"

"चारही सिनेमांतली. तक्रार आहे?"

"आहे ना." नट हसायचा थांबला. "मनगटच का मिळावं... दर वेळी?"

खुडबुड्याचे कान लाल झाले. दाढीत लपणारा चेहरा कानांनी उघडा पाडला. बाही खाली ओढत सावकाश म्हणाला, "हे बघ हिरो, मी गे आहे हे या इमारतीतल्या लिफ्टवाल्यालाही माहीत आहे. तुझं कुणाला माहीत आहे?"

"ताईला. आईला... माहीत असावं."

"मग आधी नीट ऐक. मी एकदा एकाचं गुपित होऊन राहिलोय, तीन वर्षं. मागच्या दाराने जायचं, फोनमध्ये नळदुरुस्तीवाला म्हणून नाव. पुन्हा राहणार नाही. तू मला आवडतोस, फार आवडतोस. पण मला दार पुढचं लागतं."

नट त्या दिवशी घरी पोचला आणि पुढच्या दाराकडेच बघत उभा राहिला. ते ताईच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. ताई त्याची मोठी बहीण; त्याच्या तारखा, करार, फोन सगळं तीच बघे. जेवणाच्या टेबलावर तिने एक कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तीन सिनेमे, राजा. एकदम तीन. साहेबांनी स्वतः पाठवलाय."

साहेब म्हणजे निर्माते. कागद चांगला होता. फक्त एक अट होती, आणि ती कागदावर नव्हती. सिनेमा लागायच्या आधी नायक-नायिकेचं जमल्याची वावडी उठवायची, हा त्या धंद्यातला जुना रिवाज. शनिवारी पत्रकार यायचे होते. कुणीतरी विचारायचं, 'लग्न कधी?' मग नटाने नायिकेकडे बघून लाजायचं आणि म्हणायचं, 'योग्य वेळी सांगू.' एवढंच. बिचाऱ्या नायिकेचं दुसरीकडे ठरलेलं होतं, पण तिलाही लाजायला सांगितलं होतं.

"एक वाक्य तर आहे," ताई म्हणाली. "वाक्यं बोलण्याचेच पैसे मिळतात ना तुला?"

"ताई, मी एकाला पावसात भेटलो."

"पाऊस? गेले दोन महिने पावसाचा थेंब नाही!"

मग त्याने सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली. तिने भांडी उचलली, परत ठेवली. शेवटी म्हणाली, "घरात तू कसाही राहा, मी कधी काही बोलले? पण बाहेर... बाहेरचे लोक फाडून खातील रे. दहा वर्षं घासलीस तू. धर्मशाळेसारख्या खोलीत सहा जणांत राहिलास. ते सगळं एका वाक्यावर घालवणार?"

"घालवणारे ते आहेत. मी फक्त बोलणार आहे."

"आणि तो? तो काय देणार आहे तुला?"

नट जरा विचार करून म्हणाला, "तो माझ्यासारखा चालतो, ताई. मी कसा चालतो ते मला त्याच्याकडून कळलं."

ताईने कपाळाला हात लावला. पण कागद मात्र टेबलावरून उचलून ठेवला, सही न घेता.

शनिवारी दिव्यांचा लखलखाट होता. प्रश्न ठरल्याप्रमाणे आला. पुढच्या रांगेतल्या पत्रकाराने खट्याळपणे विचारलं, "पडद्यावर इतकं प्रेम करता, मग लग्न कधी? कोणी मुलगी आवडते की नाही?"

नायिका लाजली. तिने आपलं काम चोख केलं. साहेब बाजूला उभे राहून मिशीत हसत होते. नटाने पाण्याचा घोट घेतला.

"नाही," तो म्हणाला. "मला मुलगा आवडतो."

खोलीत अशी शांतता पसरली की खुडबुड्यालाही ती कुठल्या वस्तूने करता आली नसती.

"म्हणजे... मुलगे?" पत्रकार चाचरला.

"नाही, नाही. एकच. त्याला अजून विचारलेलं नाही, म्हणून नाव सांगत नाही. सिनेमाबद्दल काही विचारायचं आहे का? मेहनत बरीच केलीय आम्ही."

नायिका लाजायचं विसरून खळखळून हसली आणि टाळ्या वाजवू लागली. टाळ्या वाजवणारी ती एकटीच.

त्यानंतरचे आठ दिवस सोपे नव्हते, ते सोपे होते असं सांगून उपयोग नाही. तीन सिनेमांचा कागद साहेबांच्या माणसाने परत नेला. ज्या साबणाच्या जाहिरातीत तो फेस उडवत असे, त्यांनी दुसऱ्याच्या अंगाला फेस लावला. जुना मित्र म्हणवणारा एक दिग्दर्शक फोनवर म्हणाला, "माझं काही नाही रे, पण प्रेक्षक... तू नायिकेला मिठी मारलीस तर लोक हसतील." नटाने विचारलं, "मागच्या सिनेमात मी खुनी होतो. तेव्हा लोक मला बघून पळाले होते का?" फोन बंद झाला. कुणी लिहिलं, शाब्बास. कुणी जे लिहिलं ते ताईने त्याला वाचू दिलं नाही. स्वतः वाचलं, आणि मग रागाने भाजी इतकी बारीक चिरली की तिची चटणी झाली.

खुडबुड्याचा त्या शनिवारीच निरोप आला होता: 'कोण तो भाग्यवान? आणि विचारणार कधी?'

नटाने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: 'हातात काहीतरी काम येऊ दे. रिकाम्या हाताने काय विचारू?'

तिकडून लगेच आलं: 'मी हिरोला हो म्हणणार नव्हतोच, गाढवा. तुला म्हणणार होतो.'

सोमवारी ताईने त्याला उठवलं. "चल. दोन प्रसंगांचे संवाद बाकी आहेत तुझे. कुणी येऊ नको म्हणालेलं नाही, तोवर आपण जायचं."

स्टुडिओत साहेब आधीच येऊन बसले होते. आणि माईकसमोर, नटाच्या जागी, दुसराच माणूस उभा होता. आवाज देणारा एक जुना, सज्जन कलाकार. नटाला बघून त्याने मान खाली घातली. "पोट आहे, दादा," तो पुटपुटला.

"समजतं मला," नट म्हणाला. त्याला खरंच समजत होतं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले. "चेहरा तर बदलता येत नाही, पुन्हा शूटिंग परवडणार नाही. पण आवाज बदलतोय. करारात तो हक्क आहे माझा. लोकांना आता तुमच्या आवाजात ते... ते ऐकू येईल."

"ते म्हणजे काय, साहेब?" ताईने विचारलं. "चार सिनेमे ऐकू आलं नाही, ते आता कानात कोण सांगणार? तुम्ही?"

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि शेजारच्या खोलीत गेले. सगळे मागोमाग. खुडबुड्या खडीवर पाणी शिंपडत होता.

"हे बघा," साहेब त्याला म्हणाले, "हिरोची पावलंही पुन्हा करा. जरा वजनदार. जरा... मर्दानी."

खुडबुड्याने शिंपडणं थांबवलं. "मर्दानी कशी असतात, साहेब? दाखवा ना. मावशी, माईक चालू करा."

साहेब भोळे नव्हते, पण अभिमानी होते. त्यांनी ते काळे जाड बूट घातले, छाती काढली आणि फळीवर चालून दाखवलं. मावशींनी ते लगेच सगळ्यांना मोठ्याने ऐकवलं. फतक्... फतक्... फतक्. तळ्यातून नुकतंच बाहेर आलेलं बदक असावं तसं.

आवाज देणाऱ्या कलाकाराला ठसका लागला.

"आता माझं ऐका," खुडबुड्या म्हणाला. आता तो हसत नव्हता. "गेल्या सिनेमात हिरो जिना उतरतो. चेहरा दिसत नाही, फक्त पावलं. लोक त्या पावलांना शिट्ट्या मारतात. तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरत होता, याला म्हणतात पुरुष! ती पावलं माझी आहेत, साहेब. आणि मीही गे आहे. चुंबनंसुद्धा माझी आहेत, पण ते जाऊ दे. चार वर्षं तुमच्या हिरोची मर्दानगी या दोन पायांवर उभी आहे. बदला आता."

साहेबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "उद्यापासून तुम्ही येऊ नका!"

"बरं."

"ठीक आहे," मावशी माईकवरून शांतपणे म्हणाल्या. "मग पावलं कोण टाकणार? सिनेमा शुक्रवारी लागतोय. माझे गुडघे गेलेत, आणि तुमचं बदक मी काही घेणार नाही."

साहेब बूट तिथेच टाकून मोज्यांवर निघून गेले. पावलं राहिली, कारण वेळच नव्हता. आवाज मात्र गेला. खुडबुड्याचं तिथलं कामही गेलं. जिंकणं म्हणतात ते असं अर्धंमुर्धंच असतं पुष्कळदा.

गुरुवारी ताईचा फोन वाजला. एक नवी दिग्दर्शिका होती. सिनेमा छोटा, पैसे त्याहून छोटे. दोन मुलांच्या बापाचं काम, शाळामास्तराचं.

ताईने आधीच खडसावलं, "माझ्या भावाबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे ना? नंतर कुरकुर नको."

"अहो बाई," पलीकडून आलं, "मला नट हवाय. जावई नकोय."

ताई आधी हसली आणि मग, फोन ठेवल्यावर, बराच वेळ रडली. "आणि त्यांना विचारून ठेवलंय मी," डोळे पुसत म्हणाली, "पावलं टाकायला कुणी आहे का म्हणून. नाहीये."

शुक्रवारी नटाने इतरांसारखी खिडकीवर तिकिटं काढली. तीन. ताई, तो, आणि मध्ये खुडबुड्या. पोस्टरवर नटाचा चेहरा एका कोपऱ्यात सारला होता, बशीएवढा. आत शिरताना लोक वळून बघत होते. कुणी कुजबुजलं. मागून एक जण ओरडला, "अरे, हिरोईन कोणती यातली?"

"दाढीवाली!" खुडबुड्याने मागे न वळता उत्तर दिलं. पाच-सहा जण हसले, आणि ते हसणं ओरडणाऱ्याच्या बाजूचं नव्हतं.

सिनेमा चालला. पडद्यावर तो बोले आणि आवाज दुसऱ्याचा येई. जाडाभरडा, चांगला, पण परका. नटाला आपलंच तोंड भाड्याने दिल्यासारखं वाटत होतं. शेवटचा प्रसंग आला. नायक नायिकेपुढे उभा राहिला आणि तो परका आवाज म्हणू लागला, "तुझ्यासाठी मी सगळं सोडीन... घर सोडीन, गाव सोडीन..."

नट जागेवरून उठला.

"अरे, काय करतोस?" ताईने पलीकडून हात लांबवून त्याचा शर्ट ओढला.

तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो खुडबुड्याकडे वळला, आणि आपल्या स्वतःच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलला.

"मी काहीही सोडणार नाही. हे काम सोडणार नाही, हे गाव सोडणार नाही, आणि तुलाही सोडणार नाही. सांग, राहशील माझ्याबरोबर? पुढच्या दाराने?"

क्षणभर पडद्यावरचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. "खाली बसा!" कुणीतरी ओरडलं. "बोलू द्या हो त्याला!" दुसरीकडून एक म्हातारा आवाज आला. "आवाज ओळखीचा वाटला म्हणून म्हटलं... हाच खरा आहे की!" कुठेतरी शिट्टी वाजली. कुठेतरी कुणी रागाने उठून निघून गेलं, जाऊ दे.

खुडबुड्याचे कान अंधारातही लाल दिसत असावेत. त्याने नटाचा हात धरला आणि खाली ओढलं.

"राहतो," तो म्हणाला. "राहतो, बाबा. आता बस. मागच्यांना दिसत नाहीये."